ब्लॉकेज किती टक्के? माझ्या सीटी अँजिओ आणि थॅलियमचा अनुभव

तर झालं असं की जिना चढताना माझा जबडा दुखायचा. छाती नाही, जबडा. खालच्या दातांच्या मुळाशी, दोन्ही बाजूंनी, कोणीतरी हनुवटी धरून खाली ओढतंय असं वाटायचं आणि वर पोचून दोन मिनिटं उभी राहिले की आपोआप बंद. मी आधी डेंटिस्टकडे गेले. आता सांगताना हसू येतं पण खरंच गेले, त्यांनी एक्सरे काढला, दात चांगले आहेत म्हणाले आणि मी पर्स उचलून निघणार तेवढ्यात विचारलं, हे बसल्या बसल्या पण होतं का फक्त चढताना? मी म्हटलं फक्त चढताना. तर म्हणाले, दातांना जिना कळत नाही हो, तुम्ही फिजिशियनला दाखवा. या एका वाक्यासाठी मी त्या माणसाची आयुष्यभर ऋणी आहे.

माझं वय ५४. बीपीची गोळी चार वर्षांपासून चालू, शुगर नाही, कोलेस्टेरॉल "थोडं जास्त आहे बघू पुढे" या कॅटेगरीत कित्येक वर्षं पडून. आईला ६१ व्या वर्षी अटॅक आला होता आणि दोन दिवस सगळे गॅस गॅस म्हणत बसले होते. कार्डिऑलॉजिस्ट मॅडमनी हे ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. आई किंवा बहिणीला ६५ च्या आत, वडील किंवा भावाला ५५ च्या आत असं काही झालेलं असेल तर ते घराण्यातला धोका म्हणून धरतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, मी आपली समजत होते की ६१ म्हणजे म्हातारपणच की.

ईसीजी नॉर्मल. इको पण नॉर्मल, भिंती छान हलतायत, पंपिंग ६२ टक्के. नवऱ्याने तिथेच जाहीर करून टाकलं, हार्ट एकदम ओके. मॅडम म्हणाल्या, "अहो या दोन्ही तपासण्या त्या आडव्या पडलेल्या असताना झाल्यात. त्यांना त्रास जिन्यावर होतो." आराम करताना हृदयाच्या स्नायूला जेवढं रक्त लागतं तेवढं बऱ्यापैकी अरुंद झालेल्या नळीतूनही निभावून जातं, कमी पडायला लागतं ते मागणी वाढली की. म्हणून हृदयाला आधी दमवायचं आणि मग बघायचं. हे इतकं साधं आहे आणि तरी माझ्या ओळखीतले निम्मे लोक नॉर्मल ईसीजीचा कागद फाइलला लावून निर्धास्त असतात.

मग टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालायचं. दर तीन मिनिटांनी पट्टा वेगही वाढवतो आणि चढही, पहिल्या टप्प्यात ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, दुसऱ्यात ४ किलोमीटर आणि १२ टक्के, तिसऱ्यात ५.५ किलोमीटर आणि १४ टक्के. याला ब्रूस प्रोटोकॉल म्हणतात, १९६० च्या दशकापासून तोच चालू आहे. २२० मधून वय वजा करायचं आणि त्याच्या ८५ टक्के नाडी गाठायची, माझ्यासाठी १४१. तिसऱ्या टप्प्याला दीड मिनिट होत नाही तोच माझा उजवा गुडघा बोंबलायला लागला, नाडी १३२ वर होती, जबड्यात किंचित काहीतरी सुरू झाल्यासारखं वाटत होतं पण खरं सांगायचं तर गुडघा इतका जोरात होता की जबड्याचं नीट ऐकू येईना. थांबवा म्हटलं. रिपोर्ट आला, निष्कर्ष काढता येत नाही. ईसीजीच्या रेघेत थोडा बदल होता पण ठाम म्हणावा असा नाही, आणि मॅडम म्हणाल्या की बायकांमध्ये या टेस्टमध्ये नसलेला आजार दिसण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असतं, त्यामुळे एवढ्यावर मी काहीच बोलणार नाही, आपण सीटी करू.

सीटी कोरोनरी अँजिओग्राफी. अँजिओग्राफी शब्द ऐकला की आपल्या डोळ्यासमोर मांडीतून नाहीतर मनगटातून वायर घालतात तेच येतं. यात वायर नाही. हाताच्या शिरेतून आयोडीनचं औषध सोडायचं, ते हृदयाच्या नळ्यांत पोचलं की सीटी मशीनने फोटो काढायचे. ऐकायला पाच मिनिटांचं काम आणि मशीनवर खरंच पाच-दहा मिनिटंच लागतात, पण माझा अख्खा दिवस गेला. का गेला ते सांगते कारण त्यातच सगळी गंमत आहे.

आधी क्रिएटिनिनची रक्ततपासणी. ते आयोडीनचं औषध, त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात, किडनीवाटे बाहेर पडतं म्हणून किडनी बरी आहे ना ते बघतात, आधी कधी कॉन्ट्रास्टची अॅलर्जी आली होती का, दमा आहे का, थायरॉईड आहे का, शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू आहे का, सगळं विचारून फॉर्म भरून घेतला. मग नाडी बघितली, ८४. तंत्रज्ञ मुलगा असेल पंचविशीचा, म्हणाला, काकू ६० ते ६५ च्या आत पाहिजे. का, तर हृदय हलतं. चालत्या माणसाचा फोटो काढला तर हलतो ना, तसंच. दोन ठोक्यांच्या मधे हृदय क्षणभर जवळजवळ स्थिर असतं, नाडी जितकी हळू तितका तो क्षण लांबतो आणि मशीन ईसीजीवर लक्ष ठेवून नेमका तो क्षण पकडतं. नळ्या जेमतेम ३-४ मिलिमीटरच्या, त्यातही उजवी सगळ्यात जास्त उड्या मारते, फोटो जरा हलला की धूसर, आणि धूसर जागेवर ब्लॉकेज आहे की नाही ते कोणीच सांगू शकत नाही.

तर नाडी हळू करणारी मेटोप्रोलॉलची गोळी दिली आणि तासभर बसवलं. तासाने ७२. बाजूला एक काका बसले होते त्यांची ६८ वरून ५७ झाली पण आणि ते आत जायची वाट बघत माझ्याकडे विजयी मुद्रेने बघत होते. मी शांत व्हायचा जितका प्रयत्न करत होते तितकी नाडी वर, कारण दर दहा मिनिटांनी कोणीतरी येऊन बोटाला क्लिप लावून बघायचं आणि क्लिप बघितली की मला धडधड. शेवटी अर्धी गोळी अजून दिली आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ करून बसले. ६१ आली.

मधे एक प्रसंग झाला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. आत गेल्यावर जिभेखाली नायट्रोग्लिसरिनचा फवारा मारतात, त्याने नळ्या रुंदावतात आणि फोटोत नीट दिसतात. पण व्हायग्राच्या जातीची गोळी एक-दोन दिवसांत घेतली असेल तर हा फवारा चालत नाही, बीपी धाडकन पडू शकतं. तर नर्सबाईंनी त्या काकांना सगळ्यांसमोर, चांगल्या खणखणीत आवाजात, तशी कुठली गोळी घेता का विचारलं. काका आधी छे छे म्हणाले, मग दोन मिनिटांनी उठून पॅंट सावरत तिच्या टेबलापाशी गेले आणि वाकून काहीतरी बोलले. त्यांना फवारा दिला नाही असं नंतर कळलं. हसू आलं पण त्यांचं कौतुकही वाटलं, लाजून गप्प बसले असते तर महागात पडलं असतं. आणि हा प्रश्न कोपऱ्यात नेऊन विचारायला काय होतं हो?

मग सुई. आधी एकीने पंजाच्या मागच्या बाजूला बारीक निळी सुई घातली, टेप-बिप लावून झाली. आत गेल्यावर मुलगा म्हणाला ही चालणार नाही, कॉन्ट्रास्ट सेकंदाला ५ मिलिलिटर या वेगाने जातं, बारीक शिरेत एवढा जोर सोडला तर शीर फुटून औषध कातडीखाली पसरेल. म्हणजे ती काढून परत कोपराच्या आतल्या बाजूला जाड हिरवी घातली. माझा वैताग झाला, नाडी ७० वर गेली, पुन्हा पंधरा मिनिटं पडून राहिले. सेंटरचं नाव घेत नाही, माणसं चांगली होती, पण बाहेरच्यांना आतल्यांशी बोलायला काय अडचण होती कोण जाणे. तुम्ही जाल तेव्हा सुई घालायच्या आधीच विचारा, ही सीटी अँजिओसाठी चालेल ना.

टेबलावर हात डोक्यावर, छातीला ईसीजीच्या तारा, श्वास रोखायची रंगीत तालीम दोनदा. श्वास घ्या, थांबा, सोडा. खूप खोल घेऊ नका म्हणाला, पोट भरून घेतला की नाडी बदलते, बेताचा घ्या आणि प्रत्येक वेळी तेवढाच घ्या. पहिला फोटो औषधाशिवाय, तो कॅल्शियम स्कोअरचा, म्हणजे नळ्यांच्या भिंतीत कॅल्शियम किती साठलंय ते मोजायचा. मग मुलगा म्हणाला आता गरम वाटेल, घाबरू नका. गरम म्हणजे काय ते सांगते. आधी कोपरापाशी, मग घशाशी एकदम भपकारा, तोंडात धातूची चव, मग ती ऊब पोटातून खाली उतरली आणि मला शंभर टक्के खात्री झाली की मी टेबलावर शू केली. खात्रीच. मान हलवायची नाही म्हणून बघताही येईना आणि नेमकं त्याच क्षणी मशीन म्हणतंय श्वास रोखा. दहा एक सेकंद मी श्वास रोखून फक्त याच विचारात. झाल्यावर हळूच हात लावून बघितला, कोरडं. तो मुलगा काचेपलीकडून हसत म्हणाला, काकू सगळ्यांना वाटतं. अरे मग आधी सांग ना बाळा!

बाहेर आल्यावर फवाऱ्यामुळे डोकं ठणकत होतं ते संध्याकाळपर्यंत. भरपूर पाणी प्यायला सांगितलं, बाकी काही नाही.

रिपोर्ट संध्याकाळी फोनवर आला, डॉक्टरांची वेळ तीन दिवसांनी. या तीन दिवसांबद्दल खरं तर वेगळं लिहायला हवं. कॅल्शियम स्कोअर १८६. डावीकडून पुढे उतरणारी जी मुख्य नळी, एलएडी, तिच्या सुरुवातीच्या भागात मिश्र प्लाक, म्हणजे भिंतीत साठलेला चरबी-कॅल्शियमचा थर, ५० ते ६९ टक्के अरुंद. बाकी दोन नळ्यांत किरकोळ. कॅड-रॅड्स ३, म्हणजे अशा रिपोर्टला देतात ती श्रेणी, ५० ते ६९ टक्क्यांची. मी ५० ते ६९ मधला फक्त ६९ वाचला, नवऱ्याने फक्त ५० वाचला, आणि चुलत दिराने फोनवर ऐकून ७० च धरा म्हणून सांगितलं आणि वर, थांबू नका, स्टेंट टाकून मोकळे व्हा, आमच्या साहेबांनी दोन टाकले दुसऱ्या आठवड्यात ऑफिसला. तीन दिवसांत जितक्या लोकांशी बोलले त्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, किती टक्के? परीक्षेचा निकाल असल्यासारखा.

मॅडमनी स्क्रीनवर फोटो उघडून दाखवले. मला वाटलं होतं काहीतरी धूसर करडं असेल, पण नळ्या अक्षरशः झाडाच्या फांद्यांसारख्या स्पष्ट, आणि एलएडीच्या वरच्या टोकाला भिंतीत पांढरा चुन्यासारखा ठिपका आणि त्याला लागून करडा फुगवटा. पांढरं ते कॅल्शियम, करडं ते मऊ, चरबीचं. कॅल्शियम स्कोअर काढताना कॉम्प्युटर १३० हाउन्सफील्ड युनिटच्या (सीटीत दाटपणा मोजायचं माप) वर जे जे चमकतं ते मोजतो, जितकं मोठं आणि जितकं दाट तितके गुण जास्त. १९९० मध्ये अॅगॅट्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली, अजून त्यांच्याच नावाने चालते. माझ्या वयाच्या बहुतेक बायकांचा स्कोअर शून्य असतो, त्यामुळे १८६ हा आकडा छोटा नाही, हे त्यांनी गुळमुळीत न करता सांगितलं. आणि शून्य आला तरी मऊ प्लाक त्यात पकडला जात नाही, त्यामुळे त्रास होणाऱ्या माणसाने नुसत्या शून्यावर खूश होऊ नये, हेही.

पण मग म्हणाल्या, टक्के इतके मनावर घेऊ नका. एक तर कॅल्शियम सीटीत आहे त्यापेक्षा मोठं दिसतं, दिव्याच्या भोवती उजेड पसरतो तसं, त्यामुळे ५५ चं ६५ वाटू शकतं. दुसरं म्हणजे, हा फोटो नळीचा आहे. पुढच्या स्नायूला रक्त कमी पडतंय का हे या फोटोत कुठेच नाही. बागेत पाइप एका जागी दबलेला आहे हे दिसलं, शेवटच्या झाडाला पाणी पोचतंय का ते झाडापाशी जाऊन बघायला लागेल. मला हे तिथे बसल्या जागी कळलं. तीन दिवस मी ज्या आकड्यावर झोप उडवून घेतली होती तो आकडा माझ्या प्रश्नाचं उत्तरच नव्हता.

मी विचारलं मग सीटी केलं कशाला? तर म्हणाल्या सीटीत जे दिसलं ते दुसऱ्या कशातच दिसलं नसतं. वायरची अँजिओग्राफी नळीची आतली पोकळी दाखवते, भिंतीत काय साठलंय ते नाही, आणि प्लाक साठायला लागला की नळी सुरुवातीला बाहेरच्या बाजूने फुगून आतली जागा तेवढीच ठेवते, म्हणजे आजार असूनही पोकळी छान दिसू शकते. आणि सीटी स्वच्छ आलं असतं तर ब्लॉकेज नाही हे जवळजवळ खात्रीने सांगता आलं असतं, नाही म्हणण्यात ही टेस्ट फार पक्की आहे. स्कॉटलंडमध्ये ४१४६ लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, स्कॉट-हार्ट नावाचा, छातीत दुखणाऱ्या निम्म्या लोकांचं नेहमीच्या तपासण्यांबरोबर सीटी पण केलं, ५ वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा अटॅक सीटीवाल्या गटात २.३ टक्के आणि दुसऱ्या गटात ३.९ टक्के. त्यांना जास्त स्टेंट टाकले म्हणून नाही, प्लाक डोळ्यांनी दिसला म्हणून गोळ्या योग्य लोकांना सुरू झाल्या हे त्यामागचं मुख्य कारण मानतात. मलाही त्याच दिवशी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, आणि अॅस्पिरिन सुरू झालं. माझं "बघू पुढे" वालं कोलेस्टेरॉल अखेर कोणीतरी बघितलं.

आता झाडापाशी जायचं कसं. यात बरेच पर्याय निघाले आणि प्रत्येकाची एक अडचण. स्ट्रेस इकोमध्ये औषधाने धडधड वाढवून सोनोग्राफीत भिंत कुठे आळसावते का बघतात, किरणोत्सर्ग नाही, पण बघणाऱ्याचा हात आणि डोळा पक्का लागतो आणि माझ्या साध्या इकोतच काही भाग अंधूक होते. स्ट्रेस एमआरआय मॅडमच्या मते फार सुरेख, स्नायूला रक्त किती जातंय तेही दिसतं, स्नायूत जुना डाग असेल तर गॅडोलिनियम हे एमआरआयचं कॉन्ट्रास्ट तिथे साठून तोही दिसतो, पण तासभर त्या बोगद्यात. मला लिफ्टमध्ये सुद्धा दाराकडे तोंड करून उभं राहावं लागतं. नको म्हटलं. पेट स्कॅनमध्ये रक्ताचा प्रवाह आकड्यात मोजता येतो, पण त्यातलं किरणोत्सर्गी रुबिडियम ७६ सेकंदात निम्मं होतं, ते जागेवरच जनरेटरमधून काढावं लागतं, सगळीकडे सोय नसते. उरलं स्पेक्ट, म्हणजे ज्याला सगळे थॅलियम म्हणतात, किरणोत्सर्गी औषध टोचून स्नायूला कुठे किती रक्त पोचतंय त्याचे फोटो काढायचे. माझ्या रिपोर्टवर टेक्नेशियम लिहिलंय, थॅलियम माझ्या अंगात गेलंच नाही, पण अपॉइंटमेंट देणाऱ्यापासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे थॅलियमच म्हणतात.

पहिल्या वेळी मला परत पाठवलं, आणि चूक माझी. गुडघ्यामुळे पट्ट्यावर चालणं शक्य नाही म्हणून मला अॅडेनोसिन देणार होते, ते नळ्या रुंदावतं, आणि कॅफिन नेमकं त्याच औषधाच्या आड येतं. म्हणून २४ तास चहा, कॉफी, चॉकलेट बंद, ते मी इमानेइतबारे पाळलं. चहा न मिळाल्याने सकाळी डोकं दुखलं म्हणून घरातली डोकेदुखीची गोळी घेतली. नर्सने विचारलं आज काय काय घेतलं, मी सांगितलं, तिने गोळीची पट्टी मागवून घेतली, मागे बारीक अक्षरात लिहिलेलं, कॅफिन. गेला दिवस. तुम्ही जाणार असाल तर पट्टीची मागची बाजू वाचा एवढंच सांगते. बीपीच्या, हृदयाच्या काही गोळ्याही आधी थांबवायला लागतात, कुठल्या ते मात्र डॉक्टरांनाच विचारायचं, मनाने नाही.

दुसऱ्या वेळी झालं. सहा मिनिटांची अॅडेनोसिनची ड्रिप. पहिलं मिनिट काही नाही, मी नर्सला म्हणतेय काहीच होत नाहीये, आणि मग अंगावर कोणीतरी ओली गादी टाकल्यासारखं झालं. चेहरा तापला, छाती जड, श्वास पुरेना, आणि तो ओळखीचा जबडा. घड्याळ समोरच होतं, इतकी लांब पाच मिनिटं मी आयुष्यात बघितली नाहीत. मधे तिसऱ्या मिनिटाला टेक्नेशियमवालं इंजेक्शन दिलं, ते त्या क्षणी जिथे जितकं रक्त पोचतंय तिथे तितकं स्नायूत जाऊन चिकटून बसतं, फोटो नंतर सावकाश काढले तरी चालतात. डॉक्टर शेजारी उभे होते, म्हणाले ड्रिप बंद केली की बघा. बंद केली आणि खरंच, मिनिटभरात सगळं गायब, नळ बंद केल्यासारखं. या औषधाचं अर्धं आयुष्य १० सेकंदांपेक्षा कमी आहे म्हणे. दम्याच्या लोकांना मात्र हे देत नाहीत.

मग पाऊण तासाने कॅमेऱ्याखाली, हात पुन्हा डोक्यावर, पंधरा-वीस मिनिटं हलायचं नाही, दोन मोठ्या चौकोनी पाट्या छातीभोवती कासवाच्या गतीने फिरतात. दुखतं काही नाही, खांदा तेवढा भरून येतो. सांगितलं होतं, ताणाचे फोटो एकदम स्वच्छ आले तर आरामाचे काढायची गरज नाही, उद्या येऊ नका. संध्याकाळी फोन आला, उद्या या.

ती रात्र. पुढच्या भिंतीवर थोडं फिकट दिसतंय एवढंच सांगितलेलं. पुढची भिंत म्हणजे एलएडीचंच राज्य हे मला एव्हाना पाठ झालं होतं. लेकीने तिचं बाळ त्या दिवशी माझ्याकडे दिलं नव्हतं, किरणोत्सर्गी औषध अंगात असताना तेवढा एक दिवस तान्ह्या बाळांपासून आणि गरोदर बायकांपासून जरा लांब राहायला सांगतात म्हणून, त्यामुळे करमणुकीलाही काही नाही.

दुसऱ्या दिवशी आरामाचे फोटो झाले, आणि फिकटपणा तिथेच, तेवढाच. हे वाईट का चांगलं ते मला कळेना. मॅडमनी दोन्ही ओळीने लावून दाखवले, लाल-पिवळ्या गोल चकत्या, वरची ओळ ताणाची खालची आरामाची. रक्त कमी पडत असतं तर वरच्या ओळीत फिकट आणि खालच्या ओळीत भरून आलेलं दिसलं असतं. दोन्हीकडे सारखंच फिकट म्हणजे एक तर तिथला स्नायू मेलेला आहे नाहीतर किरणांच्या वाटेत काहीतरी आडवं आलंय. मेलेला असता तर ती भिंत हललीच नसती नीट, आणि हे फोटो ईसीजीला जोडून काढलेले असतात त्यामुळे हलताना पण बघता येतं. लावून दाखवलं, भिंत मजेत जाड होतेय, आक्रसतेय. म्हणजे आडवं आलं होतं ते माझं स्तन. बायकांमध्ये पुढच्या भिंतीवर स्तनाची सावली पडते, पुरुषांमध्ये खालच्या भिंतीवर डायाफ्रामची, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याची. मी रात्रभर जागले ते यासाठी. हसावं का रडावं.

मी तोपर्यंत इतकं वाचलं होतं की शहाणपणा केला, म्हटलं पण तिन्ही नळ्या सारख्याच अरुंद असतील तर सगळीकडे सारखंच कमी रक्त जाऊन फोटो सारखाच चांगला दिसतो ना? मॅडम हसल्या, बरोबर आहे, पण तुमच्या बाकी दोन नळ्या आपण सीटीत बघितल्यात. सीटीची उणीव स्पेक्टने भरून काढली आणि स्पेक्टची सीटीने. मला हे फार आवडलं. किरणोत्सर्ग मात्र दोन्हीचा मिळून झाला, कॅल्शियम स्कोअरचा १ मिलीसिव्हर्टच्या आसपास, सीटी अँजिओचा नव्या मशीनवर २ ते ५, स्पेक्टचा १० च्या घरात, आणि माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिळतोच. म्हणून मनात आलं की करून टाकलं अशी ही तपासणी नाही.

स्टेंट नाही. चुलत दिराला हे अजून पटलेलं नाही. मॅडमनी त्यांना फोनवर सांगितलं सुद्धा की ३७ देशांत ५१७९ रुग्णांवर इस्केमिया नावाचा अभ्यास झाला, २०२० मध्ये छापून आला, त्यात तर स्पेक्ट वगैरेमध्ये मध्यम ते जास्त दोष दिसलेलेच लोक होते, तरी आधीच स्टेंट-बायपास केलेल्यांमध्ये आणि आधी गोळ्या देऊन बघितलेल्यांमध्ये अटॅक आणि मृत्यू यात फरक पडला नाही, दुखणं मात्र स्टेंटवाल्यांचं जास्त कमी झालं. डाव्या मुख्य नळीत मोठं ब्लॉकेज असलेले त्यात घेतले नव्हते, त्यांची गोष्ट वेगळी. आणि ऐन अटॅकमध्ये स्टेंट जीव वाचवतो, तिथे हा वाद नाहीच.

मग जबडा का दुखतो? हे विचारल्यावर मॅडम जरा थांबल्या. फोटो स्वच्छ आला म्हणजे दुखणं खोटं असं नाही म्हणाल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक नळ्या नीट रुंदावत नसतील, बायकांमध्ये हे बरंच सापडतं, आणि ते शोधायचं तर प्रवाह मोजणारं पेट नाहीतर तो बोगदा. आधी गोळ्यांनी काय होतं बघू. मेटोप्रोलॉल रोज सुरू केलं, तीच सीटीच्या दिवशीची गोळी.

आता पाच महिने झाले. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४८ वरून ७४ वर आलंय, मॅडमना ७० च्या खाली हवंय म्हणून डोस वाढवलाय. मी विचारलं, कॅल्शियम स्कोअर परत करू का, कमी झाला असेल ना? नको म्हणाल्या, स्टॅटिनने मऊ प्लाक घट्ट होतो, स्कोअर उलट वाढलेला दिसेल आणि तुम्ही परत तीन दिवस झोपणार नाही. सीटीची सीडी कपाटात आहे, घरातल्या एकाही कॉम्प्युटरला सीडीची फटच नाही त्यामुळे ती कोणी बघितलेली नाही. जबडा आठवड्यातून एखाद्या वेळी, तोही ओझं घेऊन चढले तरच. काल तिसऱ्या मजल्यावर गेले, दुसऱ्यावर थांबावं लागलं, पण ते गुडघ्यामुळे.